पहिल्या हरणाचा ग्लास

गेल्या जूनमध्ये आमच्या केटल मिल्स गावच्या शाळेने आर्लिस झास्ट्रोला निरोप दिला. तेहेतीस वर्षं शाळेची बस चालवली म्हणून तिला लाकडी पाटी दिली, पिवळ्या बसच्या आकाराचा केक कापला आणि नॉर्ब हाउप्टने भाषण ठोकलं. "आर्लिस म्हणजे आपल्या सगळ्या पोरांची दुसरी आई!" असं म्हणून त्याने डोळेसुद्धा पुसले. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच नॉर्बने सात महिन्यांपूर्वी याच बाईला भर सभेत सांगितलं होतं, "आर्लिस, तू बस चालव. घरं चालवायला आम्ही समर्थ आहोत." आणि तेव्हा त्याच्या शेजारी मान खाली घालून बसलेला माणूस मीच होतो. म्हणून हे सगळं मलाच सांगितलं पाहिजे.

आर्लिस माझ्या थोरल्या भावाची, रॉयची बायको. रॉय जाऊन नऊ वर्षं झाली. बाई अंगाने एवढीशी. स्टिअरिंगवरून रस्ता दिसावा म्हणून बुडाखाली दोन उशा घ्यायची. आवाज मात्र असा, की कागद गिरणीचा भोंगा बिघडला असता तरी गावाचं अडलं नसतं. गोड बोलणं तिला कधी जमलं नाही. नॉर्बचं 'दुसरी आई' ऐकून तिने पहिल्या रांगेतून मोठ्याने विचारलं, "पहिल्या कुठे गेल्या?" लोक खो खो हसले. ती विनोद करत नव्हती.

तिची चौदा नंबरची बस. बेचाळीस मैलांचा फेरा आणि एकोणपन्नास पोरं. पाच वर्षांच्या शेंबड्यापासून मिसरूड फुटलेल्या बारावीवाल्यापर्यंत सगळी एकाच बसमध्ये. तिचा नियम एकच होता. चढताना तिच्याशी, म्हणजे पोरांच्या 'मिसेस झी'शी, काहीतरी बोलल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. 'थंडी आहे' म्हण, 'मिसेस झी, तुमची टोपी घाण आहे' म्हण, पण तोंड उघड. त्या एका वाक्यावरून तिला कळायचं, पोर जेवलंय की नाही, झोपलंय की नाही, रात्री घरात भांडणं झाली की काय. आणि तोंडाला कसला वास येतोय तेही कळायचं.

दाराजवळची पहिली सीट ती रिकामी ठेवायची. ज्याचं त्या दिवशी काही खरं दिसत नसे, त्याला नुसती हनुवटी हलवून तिथे बसवायची. विचारपूस नाही, उपदेश नाही, पाठीवरून हात फिरवणं तर नाहीच. त्याला काम द्यायची. रस्त्यात गिरणीच्या मालगाडीचं फाटक लागतं. कायदाच आहे, की शाळेच्या बसने तिथे थांबायचं, दार उघडायचं आणि गाडी येत नाही ना ते कान देऊन ऐकायचं. आर्लिसने हात वर केला की सगळी बस चिडीचूप. मग पहिल्या सीटवरचं पोर ऐकायचं. त्याने "मोकळं!" म्हटलं की बस हलायची, तोवर नाही. घरात ज्याचं कुत्रंसुद्धा ऐकत नाही, त्याच्या एका शब्दासाठी सगळी बस श्वास रोखून थांबायची. दोन-चार दिवसांत पोराची मान वर व्हायची. कधी नाही व्हायची. मग ते तिथेच बसायचं, महिनाभर, दोन महिने.

ही सीट तिने डॅरिल गेल्यावर सुरू केली. डॅरिल तिचा एकुलता एक. तेराव्या वर्षापासून तो तिच्याच बसमध्ये शेवटच्या सीटवर बसायला लागला. ती रोज आरशात त्याला पाहायची. "मला वाटायचं, पोरगा वयात येतोय, आईची लाज वाटते," असं ती एकदा मला म्हणाली होती. "वयात कसला येतोय! दप्तरातल्या बाटलीतून पीत होता. माझ्या बसमध्ये, माझ्या नाकासमोर." पुढे त्याची नोकरी सुटली, लग्न मोडलं, आणि चौतिसाव्या वर्षी पोटात पाणी होऊन तो गेला. शेवटी डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. याला आता चार वर्षं झाली.

डॅरिलच्या हातात पहिला ग्लास मी दिला होता.

गावापासून वीस मैलांवर, जंगलात, आमच्या आजोबांनी बांधलेली लाकडी खोली आहे. तिला आम्ही कॅम्प म्हणतो. नोव्हेंबरात शिकारीचे नऊ दिवस आम्ही घरचे बापये आणि नॉर्बसारखे जुने सोबती तिथे असतो. रिवाज असा, की पोराने पहिलं हरीण मारलं की शेगडीमागच्या भिंतीवर सुताराच्या पेन्सिलीने त्याचं नाव, साल आणि हरणाचं वजन लिहायचं. मग फडताळातून आजोबांचा छोटा जाड ग्लास काढायचा. त्यात ब्रँडी. सगळे उभे राहतात, पोर घोट घेतं, ठसकतं, डोळ्यांतून पाणी येतं, बापये हसतात आणि टेबलाशी सरकून त्याला जागा करून देतात. झालं, पोर माणसांत आलं. बहुतेकांचं वय बारा. आईबाप सोबत असले की आमच्या राज्यात पोराला दारू देणं गुन्हाही नाही. माझा हात थरथरत नाही म्हणून ओतायचं काम वडिलांनंतर माझ्याकडे आलं. सव्वीस वर्षांपूर्वी मी डॅरिलला ओतली. रॉयने कॅम्पाजवळच्या दुकानातून घरी फोन केला तेव्हा आर्लिसने आनंदाने केक भाजला होता.

तीन वर्षांपूर्वी मी माझ्या नातवाला, कोडीला ओतली. आणि गेल्या नोव्हेंबरात त्याच्या धाकट्या बहिणीची, ब्रिनची पाळी होती. बारा वर्षांची. कॅम्पात बंदूक घेऊन येणारी पहिली मुलगी. तिचा बाप, माझा मुलगा, डकोटात तेलाच्या विहिरींवर कामाला. तेव्हा पोरं माझ्याच घरी, सगळं माझ्या भरवशावर.

आता गावाच्या समितीचं सांगतो. दोन वर्षांपूर्वी शाळेतला एक मुलगा गोळ्या खाऊन स्वच्छतागृहात पडला. वाचला, पण गावाला जाग आली. पोरांना व्यसनापासून लांब ठेवायला समिती निघाली. अध्यक्ष कोण? तर नॉर्ब हाउप्ट, ज्याच्या हॉटेलात दर शुक्रवारी अर्धं गाव तळलेले मासे खायला आणि ब्रँडी प्यायला जमतं. मी सभासद, आर्लिस सभासद, आणखी चौघे. समितीने काय केलं? टी-शर्ट छापले. बाहेरून वक्ता आणला, तो तासभर रडला. दारूच्या नशेत ठोकलेली एक चेपलेली मोटार आणून शाळेसमोर गवतावर ठेवली, पोरांनी धडा घ्यावा म्हणून. आर्लिस म्हणाली, "कशाला आणली एवढ्या लांबून? निम्म्या पोरांच्या अंगणात तसली उभी आहे." कोणी ऐकलं नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा आमचा कारभार.

गेल्या ऑक्टोबरात आरोग्य खात्याने शाळेत पाहणी केली. नाव न लिहिता पोरांनी उत्तरं द्यायची. आठवीची आणि दहावीची मिळून अठ्ठ्याऐंशी पोरं. अहवाल समितीपुढे आला. पान सहावर प्रश्न होता, तू पहिल्यांदा दारू कुठे प्यायलास? आम्हाला वाटलं होतं, पोरं गावाबाहेरच्या वाळूच्या खाणीचं नाव घेतील, मोठ्या शहरातून येणाऱ्या टोळक्यांचं घेतील. एकसष्ट पोरांनी खूण केली होती, घरी किंवा घरच्या माणसांबरोबर, तेरा वर्षं पुरी होण्याआधी. खाली दुसरा प्रश्न होता, मनातलं सांगावं असं एखादं मोठं माणूस तुला आहे का? चौतीस पोरांनी 'नाही' म्हटलं होतं.

नॉर्बने पान उलटं करून ठेवलं.

"हे जाहीर सभेत नको," तो म्हणाला. "लोकांच्या घरात डोकावायचं काम नाही आपलं."

"मग कुठे डोकावायचं? गोठ्यात?" आर्लिस म्हणाली.

"आर्लिस, आईबाप दुखावले तर उद्या एकही जण समितीच्या दारात उभा राहणार नाही."

"पोरं दुखावलीत, ती दिसत नाहीत तुला? चौतीस! मोजून चौतीस!"

नॉर्बने हात वर करायला सांगितले. पान गाळायच्या बाजूने पाच हात वर झाले. त्यातला एक माझा. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही म्हण आमच्यासाठीच जन्माला आली असावी. मी हात वर का केला? कारण पान सहा वाचताना मला भिंतीवरची नावं दिसायला लागली होती, आणि ती मला बघायची नव्हती.

बाहेर गाड्यांपाशी आर्लिसने मला गाठलं.

"लाइल, ब्रिनला तो ग्लास देणार आहेस?"

"अगं, एक घोट. तेवढ्याने काय होतंय?"

"डॅरिललाही एकच दिला होतास."

मला राग आला. खरं बोलणाऱ्याचा येतो तसा आला. "सगळ्यांना तेवढाच दिलाय. सगळे मेलेत का?"

"तुझा कोडी सप्टेंबरपासून माझ्या पहिल्या सीटवर बसतोय."

"का? काय झालं त्याला?"

"मला विचारतोस? आजा तू आहेस ना त्याचा?" ती गाडीत बसली आणि काच खाली करून म्हणाली, "सकाळी तोंडाला पुदिन्याचा वास येतो त्याच्या. पंधरा वर्षांच्या पोराला एवढी दात घासायची हौस असते का रे?"

मी घरी गेलो आणि कोडीला काही विचारलं नाही. कसं विचारायचं ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून फावडं जागेवर ठेवलं नाही यावरून मी त्याच्यावर खेकसलो.

जाहीर सभा अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये झाली. शंभरेक माणसं, घरून आणलेले पदार्थ, मोठ्या भांड्यात कॉफी. नॉर्बने पाच पानं वाचून दाखवली आणि सातव्यावर गेला. मागून आर्लिस उभी राहिली.

"पान सहा कुठाय?"

"छापताना राहिलं वाटतं," नॉर्ब हसत म्हणाला.

"हरकत नाही. माझं पाठ आहे."

आणि तिने म्हणून दाखवलं, एकसष्ट आणि चौतीस, दोन्ही प्रश्न, अक्षरन् अक्षर. ती पुढे म्हणाली, "तुम्हाला वाटेल, म्हातारी आपल्यावर बोट दाखवतेय. माझ्या पोराला दात येत होते तेव्हा मी त्याच्या हिरड्यांना बोटाने ब्रँडी चोळली. माझ्या आईने सांगितलं होतं, तिला तिच्या आईने. बारा वर्षांचा झाला तेव्हा त्याला कॅम्पात ग्लास मिळाला म्हणून मी केक भाजला. त्या एकसष्ट आयांपैकी मी एक. आता दुसरी कोण आहे, ती उभी राहू दे."

कोणी उभं राहिलं नाही. एक बाई रडायला लागली आणि नवऱ्याने तिला कोपर मारलं. तेव्हा नॉर्ब ते वाक्य बोलला, बस चालव म्हणून. वर हेही म्हणाला, "तुझं दुःख आम्हाला कळतं, आर्लिस. पण एका घरात झालं म्हणून सगळ्या गावाला फाशी देऊ नकोस."

टाळ्या पडल्या. त्या हॉलमध्ये डॅरिलला पहिला ग्लास कोणी दिला हे जाणणारे निदान सहा जण होते. सहाही जण मूग गिळून बसले. आर्लिसने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने बोलावं म्हणून मी वाट बघत होतो. तिने नाव घेतलं असतं तर मला उलटून भांडता आलं असतं. तिने तेवढीही सोय ठेवली नाही. टेबलावरचं आपलं झाकण घातलेलं पातेलं उचललं आणि गेली.

बारा दिवसांनी शिकार सुरू झाली. थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीचा शनिवार, घोट्याएवढा बर्फ. ब्रिन माझ्याबरोबर ओढ्याकाठच्या मचाणावर होती. सकाळपासून हलली नाही पोरगी. नाक लाल झालं, बोटं आखडली, पण 'खाली जाऊया' म्हणाली नाही. तीन वाजता देवदारांतून दोन टोकांच्या शिंगांचं हरीण आलं. तिने श्वास सोडला आणि एका गोळीत आडवं केलं. पोट साफ करायलाही तिने मला हात लावू दिला नाही. "तुम्ही फक्त सांगा, आजोबा," म्हणाली.

खोलीत आलो तेव्हा सगळे जमले होते. नॉर्ब होता, त्याची दोन मुलं होती, कोडी होता. कोडीच्या हातात बिअरचा डबा होता, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं, मलाही त्या दिवसापर्यंत वाटलं नव्हतं. नॉर्बने ग्लास आधीच काढून पुसून ठेवला होता. "ये गं वाघिणी!" तो ओरडला. "लाइल, ओत! हात गारठला असला तर मी ओततो!"

मी बाटली उचलली. ग्लासावर तिरपी केली आणि तशीच खाली ठेवली.

"नको," मी म्हणालो. "तिला नको."

"काय नको?"

"ब्रँडी. बारा वर्षांची आहे ती."

"आणि आपण काय बाविसाव्या वर्षी प्यायलो?" नॉर्ब हसला. मग त्याच्या लक्षात आलं. "अच्छा! आर्लिसने तुलाही बसमध्ये बसवलं वाटतं. कितव्या सीटवर?"

सगळे हसले. मी त्याला काहीतरी सणसणीत सुनावणार होतो, तेवढ्यात ब्रिन बोलली.

"कोडीला दिला होता."

"हो, पण..."

"नॉर्बकाकांच्या दोघांना दिला. बाबांना दिला. भिंतीवर ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांना दिला. मलाच का नाही? मी मुलगी आहे म्हणून?"

"तसं नाही गं, पोरी."

"मग कसं?"

मी शेगडीत लाकूड सारायला वळलो. ब्रिनने टोपी जमिनीवर आपटली आणि बाहेर जाऊन माझ्या गाडीत बसली. दिवसभर थंडीत न रडलेली पोरगी तिथे हुंदके देऊन रडली. नॉर्ब म्हणाला, "झालं समाधान? पोरीचा सण नासवलास." आणि खरंच नासवला होता.

मी ब्रिनला घेऊन गावाकडे निघालो. वाटेत माझा राग पुन्हा आर्लिसवर गेला. तिचं ऐकलं आणि तोंडघशी पडलो. सहा वाजता तिच्या स्वयंपाकघरात शिरलो तेव्हा ती बटाटे सोलत होती.

"ऐकलं तुझं!" मी ओरडलो. "नाही दिला ग्लास! आता बघ तिच्याकडे!"

आर्लिसने ब्रिनकडे पाहिलं, रडून सुजलेल्या डोळ्यांकडे, बाहीवरच्या वाळलेल्या रक्ताकडे. "किती वजनाचं?" तिने विचारलं.

"एकशे एकतीस पौंड. साफ केल्यावर," ब्रिन म्हणाली.

"साफ कोणी केलं?"

"मी."

"आतडं फुटलं?"

"नाही."

"मग तुझ्या आजोबांपेक्षा बरं केलंस. ते पहिल्या वेळी मांसाचा वास घालवायला नदीवर गेले होते." मग ती माझ्याकडे वळली. "ग्लास काढून घेतलास. तिच्या हातात काय दिलंस?"

"काय द्यायचं होतं?"

"गाढवा! पोरीला ब्रँडी नको होती. ती कोणाला आवडते त्या वयात? औषधासारखी लागते. तिला टेबलाशी जागा हवी होती. तुम्ही बापयांनी जागा आणि ग्लास एकत्र बांधून ठेवलेत, आणि तू ग्लासाबरोबर जागाही फेकून आलास. नुसतं 'नको नको' करायला ती चेपलेली मोटार आहेच की शाळेसमोर. तुझी काय गरज?"

"मग काय करू, ते तरी सांग."

"काम दे तिला. खरं काम, ज्याच्यावाचून तुमचं अडेल असं. आणि ती जे विचारेल त्याचं खरं उत्तर दे." ती पुन्हा बटाट्यांकडे वळली. "ते तुला जमणार नाही. पण बघ."

त्या रात्री आम्ही तिच्याकडेच जेवलो.

रविवारी पहाटे, उजाडायच्या आधी, मी ब्रिनला घेऊन परत कॅम्पावर गेलो. सगळे अंडी आणि सॉसेज खात होते. मी फडताळातून सुताराची पेन्सिल काढली आणि तिच्या हातात दिली. "लिही."

भिंतीवरची नावं आजवर वडीलधारेच लिहीत आले होते. नॉर्बने काटा खाली ठेवला. ब्रिनने वाकून कोडीच्या नावाखाली आपलं नाव, साल आणि वजन लिहिलं. मग तिची नजर वर गेली.

"डॅरिल झास्ट्रो म्हणजे आर्लिस आजीचा मुलगा ना? जो वारला?"

"हो."

"कशाने वारला?"

"दारूने," मी म्हणालो.

नॉर्ब खाकरला. "लाइल, सकाळी सकाळी..."

"त्याला इथे ग्लास कोणी दिला होता?" ब्रिनने विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. वडिलांचं नाव सांगितलं असतं, ते बिचारे केव्हाच गेलेले. रॉयचं सांगितलं असतं. पण आर्लिस म्हणाली होती, तुला जमणार नाही, आणि तेवढ्यासाठी तरी मला ते जमवायचं होतं.

"मी," मी म्हणालो. "मी ओतला. तो नको म्हणत होता. मीच म्हणालो, पी, बायकांसारखा काय करतोस. म्हणून काल तुला दिला नाही. तू मुलगी आहेस म्हणून नाही."

मग कोपऱ्यातून कोडी बोलला. त्याने ताटातून मान वर केली नव्हती.

"मलाही तुम्हीच दिला होता, आजोबा."

एवढंच म्हणाला. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तीन वर्षांत मला त्या पोराचा आवाज एवढा स्पष्ट ऐकू आला नव्हता. मी "हो" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? त्याने उठून आपल्यासमोरचा बिअरचा डबा न उघडता तसाच नॉर्बपुढे सरकवला. त्याने त्या दिवशी पिणं सोडलं असं मी सांगत नाही. तसलं काही एका सकाळीत होत नाही, आणि होतं म्हणून सांगणाऱ्यांना समितीत खुर्ची मिळते.

आमच्या कॅम्पात कोण कोणत्या मचाणावर बसणार ते सकाळी वडीलधारा ठरवतो. ते चुकलं तर दिवस फुकट, आणि बंदुका समोरासमोर आल्या तर जीवही जातो. तीस वर्षं ते मी ठरवत होतो. मी खिळ्यावरचा नकाशा काढला आणि ब्रिनपुढे टेबलावर पसरला. माझी खुर्ची तिला दिली.

"आज तू सांग. वारा वायव्येचा आहे."

"अरे, ही पोरगी काय..." नॉर्बने सुरुवात केली.

"नॉर्ब," मी म्हणालो, "हात वर करायचे असतील तर कर. मी मागच्या वेळी एकदा वर केला होता. आता नाही करणार."

ब्रिनने नकाशावर बोट फिरवलं. तिला घाई नव्हती. पाच बापये बूट चढवून, नारिंगी कोट घालून, तिच्या तोंडाकडे बघत उभे होते. "कोडी देवदारांत," ती शेवटी म्हणाली. "आजोबा उत्तरेच्या कडेला, तुमचे डोळे अजून बरे आहेत. नॉर्बकाका दलदलीपाशी."

"दलदलीपाशी? दिवसभर?"

"वारा तिकडे जातोय. तुमच्या सिगारेटचा वास आमच्याकडे यायला नको."

नॉर्बची मुलं हसली. नॉर्ब तोंड वाकडं करून दलदलीपाशी गेला. नंतर समितीत मी पान सहा पुन्हा मांडलं, तेव्हा त्याने तसंच तोंड वाकडं केलं. ते पान जानेवारीत गावाच्या पत्रकात छापून आलं. तिघांनी माझ्याशी बोलणं सोडलं. तो ग्लास आता माझ्या गॅरेजात खिळे ठेवायला आहे.

सोमवारी सकाळी मी दोन्ही पोरांबरोबर बसच्या थांब्यावर गेलो. आजवर कधी गेलो नव्हतो. चौदा नंबर आली, दार उघडलं. ब्रिन चढली आणि म्हणाली, "काल मचाणं मी वाटून दिली, मिसेस झी." "ऐकलंय," आर्लिस म्हणाली. "मागे जाऊन बस." कोडी चढला. तो म्हणाला, "थंडी आहे." तिने हनुवटी हलवली आणि तो पहिल्या सीटवर बसला.

मी पायरीशी जाऊन उभा राहिलो. टोपी काढली.

"आर्लिस, मी सांगितलं. डॅरिलचं. सगळ्यांसमोर. ओतला मी होता, म्हणून सांगितलं."

मला वाटलं, ती रडेल. मला वाटलं, निदान मान तरी हलवेल. चार वर्षं तिने पोराची कबर एकटीने राखली होती, माझं नाव कुठेही न घेता. तिने गिअरवरचा हात काढला आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"सव्वीस वर्षं लागली तुला एक शब्द बोलायला," ती म्हणाली. "तेवढ्यात माझा पोरगा जगून मेला. पायरीवरून पाय काढ, लाइल. पोरांना उशीर होतोय."

दार लागलं. बस निघाली. थांब्यापासून फाटक पाव मैलावर आहे. तिथे बस थांबल्याचा, दार उघडल्याचा आवाज मला आला आणि मग काहीच येईना. एकोणपन्नास पोरं गप्प होती आणि माझा नातू ऐकत होता. मी टोपी हातात घेऊन तसाच रस्त्यावर उभा राहिलो, बस हलेपर्यंत.